माईंच्या गोष्टी संपल्या तेव्हा

आमच्या माई बऱ्या झाल्या नाहीत. गेल्या.

आज वर्ष झालं. कौन्सेलिंगचा उपयोग झाला का, असं अजून लोक विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. मूळच्या लातूरकडच्या. मुलाला महाळुंग्याच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून मोशीला आल्या. एकुलता एक मुलगा. प्रशांत. माझा नवरा.

प्रशांत फर्स्ट शिफ्ट संपवून घरी येत होता. नाशिक हायवेवर बाईक ट्रेलरखाली गेली.

त्यानंतर माई रडल्याच नाहीत. दुपारी कंपनीच्या बसेस यायची वेळ झाली की गॅलरीत जाऊन उभ्या राहायच्या. तो बसने कधी येतच नव्हता, तरी.

नातेवाईक फोनवर सांगायचे, "विसरा आता. नातीकडे बघा."

माई फोन माझ्या हातात द्यायच्या आणि आत जायच्या.

शेवटी मी त्यांना मृणालकडे नेलं. एका संस्थेच्या छोट्या खोलीत ती कौन्सेलिंग करायची. माझ्याच वयाची असेल.

तिने विचारलं, "माई, काय त्रास होतो?"

"मला कशाचा त्रास? त्रास ज्याला झाला त्यो गेला."

मृणाल म्हणाली, "समजा, तुम्ही झोपेत असताना एक चमत्कार झाला. सकाळी उठलात तर सगळं ठीक झालेलं. सगळ्यात आधी काय वेगळं दिसेल?"

हा कौन्सेलिंगमधला नेहमीचा प्रश्न असतो, हे मला नंतर कळलं. माणूस त्यातून स्वतःच सांगतो, काय बदलायला हवंय. मग त्यातलं जमेल तेवढं करायला घ्यायचं.

माई म्हणाल्या, "माझं लेकरू दारात दिसंल."



मग मृणाल म्हणाली, "माफ करा माई. हा प्रश्न तुम्हाला विचारायचा नव्हता."

मला वाटलं, झालं, आता माई परत येणार नाहीत. पण रिक्षात म्हणाल्या, "पोरगी खरं बोलती."

पुढच्या वेळी मृणाल म्हणाली, "त्याला विसरायचं नाही. उलट त्याला इथे बोलवायचं. तुमच्याबद्दल असं काय होतं, जे फक्त प्रशांतला माहीत होतं?"

माई एकदम म्हणाल्या, "मला स्कूटी येती."

मी बघतच राहिले. आमच्या माईंना? स्कूटी?

आमच्या बिल्डिंगच्या मागे तेव्हा मोकळे प्लॉट होते. मी माहेरी गेले की प्रशांत त्यांना तिथे शिकवायचा. एकदा त्या धाडकन पडल्या. मी परत आल्यावर मला सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला. त्या गुडघ्याला मीच मलम लावलं होतं!

"मी पडले तर त्यो मेला हसूलालता," माई म्हणाल्या. "म्हणला, माई, क्लच शोधू नको, स्कूटीला नसतो क्लच."

'मेला' हा शब्द तोंडून गेला आणि त्या थांबल्या.

मग रडल्या. पहिल्यांदा.

त्यानंतर काही महिने बरे गेले. दर आठवड्याला एखादी गोष्ट निघायची. मला माझा नवरा नव्याने कळत होता, आणि ते सांगायला नवरा नव्हता.

मृणालने एकदा विचारलं, "ह्या दुःखाला तुम्ही काय नाव द्याल? म्हणजे ते तुमच्यापासून थोडं बाजूला ठेवून बघता येईल."

माई म्हणाल्या, "नाव ठिवायला ते काय कुत्रं हाय?"

आम्ही तिघीही हसलो. माई भाकरी करायला लागल्या, नातीची वेणी घालायला लागल्या. मी तळवड्याला पॅकिंगच्या कामावर रुजू झाले. मला वाटलं, सुटलो आपण.

मग एके दिवशी माई मृणालच्या खोलीत येऊन बसल्या. मृणालने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"संपल्या," माई म्हणाल्या.

"काय संपल्या, माई?"

"गोष्टी. जेवढ्या हुत्या तेवढ्या सांगून झाल्या. आता नव्या कुठून आणू? त्यो असता तर झाल्या असत्या की."

 

त्या दिवसानंतर माई तिकडे गेल्या नाहीत. मृणाल दोनदा घरी आली. माईंनी तिला चहा दिला आणि आत गेल्या.

माईंना शुगर होती. तळपायाला जखम झाली, ती त्यांनी साडीच्या काठाखाली झाकून ठेवली. मी कामावर, लेक शाळेत. वास यायला लागला तेव्हा मला कळलं.

डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस काय केलं?" विष रक्तात भिनलं होतं. पाय काढूनही उपयोग नाही म्हणाले.

"का नाही सांगितलं, माई?"

"काय करणार हुतीस सांगून?"

शेवटी मृणाल हॉस्पिटलमध्ये भेटायला आली. स्टुलावर बसली. एकही प्रश्न विचारला नाही.

माईंनीच तिचा हात धरला. "तू गुणाची हायेस पोरी. पर तुज्याकडं ह्याचं औषध न्हाई."

"नाही माई," ती म्हणाली. "नाही."

माईंनी मान हलवली. जणू कुणीतरी एकदाचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेल्या.

तर, उपयोग झाला का? नाही झाला. मृणालचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ते काही महिने मात्र खरे होते, एवढंच मला माहीत आहे. आणि त्या महिन्यांचं आता काय करायचं, ते मला कळत नाही.

लोक म्हणतात, मायलेकरं भेटली असतील वर. मला तसं वाटत नाही. वाटलं असतं तर बरं झालं असतं.

फोटोला हार घातलाय. लेक शाळेतून येऊन शेजारणीकडे झोपलीय. माझी सेकंड शिफ्ट आहे, निघायला हवं.

माई, हात जोडते.

येते मी.