स्टॅनच्या रेस-बोटीचा सर्व्हे

“तुम्ही माझ्या वडिलांच्या बोटीवर हातोडी का मारताय?” हेलनने शेडच्या दारातूनच विचारलं.

मी बोटीखाली पाठीवर पडले होते. हातात प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी.

“मारत नाहीये, आवाज ऐकतेय,” मी म्हणाले. “आणि इथला आवाज मला आवडलेला नाही.”

मी मरीन सर्व्हेयर आहे. लंडनच्या हॅरो भागातले आमचे बहुतेक मराठी मित्र आयटीत किंवा बँकेत. माझं काम त्यांना दर गणपतीला नव्याने समजावावं लागतं. घर घेण्याआधी आपण सर्व्हेयर बोलावतो ना, तसंच हे, फक्त बोटींसाठी. माझा रिपोर्ट चांगला आला तर बोटीला इन्शुरन्स मिळतो. नाही आला तर बोट शेडमध्येच राहते.

ही शेड इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, हॅम्बल नदीच्या काठी होती. बोट हेलनच्या वडिलांनी, म्हणजे स्टॅनने, तरुणपणी स्वतः बांधलेली. त्या काळी या किनाऱ्यावर पॉवरबोटींच्या शर्यतींचं वेड होतं. तेही बंदरात नाही, उघड्या समुद्रात. काठाकाठाने छोटी यार्ड होती आणि बोट बांधणारी माणसंच ती शर्यतीत घेऊन उतरायची. बोट मोडली की हिवाळ्यात दुरुस्त करायची, नाहीतर नवी बांधायची. त्यातल्या फारच थोड्या बोटी आज शिल्लक आहेत.

अशा बोटीत दोन माणसं लागतात. एक स्टीअरिंग धरतो, दुसरा थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा. बोट लाटेवरून उडाली की प्रॉपेलर हवेत फिरतो आणि इंजिन बेफाम सुटतं. त्याच क्षणी थ्रॉटल मागे ओढायचा आणि बोट खाली टेकताना परत पुढे ढकलायचा. हे सगळं कंबरडं मोडणाऱ्या आपटीत. स्टॅन थ्रॉटलवर असायचा. स्टीअरिंगवर त्याचा दोस्त आणि पार्टनर डेनिस. डेनिस काही वर्षांपूर्वी गेला. स्टॅन नव्वदीला टेकलेला.

पुढच्या महिन्यात समोरच्या बेटावर, काऊजला, जुन्या रेस-बोटींचा मेळावा होता. हेलनने त्यासाठी बोट पुन्हा उभी केली होती. इंजिन उघडून बसवलेलं, सीट नव्या, रंग जुन्या फोटोंशी ताडून बघितलेला. वडिलांना एकदा त्या बोटीत बसवायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

“डॉक्टर या वर्षी हो म्हणालेत,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी म्हणतील की नाही, कुणास ठाऊक.”

मी परत बोटीखाली गेले. तळ खोल व्ही आकाराचा, लाटा कापत जाणारा. महोगनीचे पातळ पापुद्रे एकावर एक, तिरके, उलटसुलट दिशांनी चिकटवलेले. आतून त्यांना लांब लाकडी पट्ट्यांचा आधार, आपल्या घराच्या छपराला वाशांचा असतो तसा. या पट्ट्यांना स्ट्रिंगर म्हणतात. बोट लाटेवर आपटते तेव्हा सगळा मार हे स्ट्रिंगर खातात.

उजव्या बाजूला हातोडी टणटण वाजत होती. डावीकडे, नेमकी सीटच्या खाली, ती भद्द वाजली. लाकूड कुजलंय म्हणावं तर मीटर ओलावा दाखवत नव्हता. टोचणी आत जात नव्हती. म्हणजे लाकूड चांगलं होतं, पण तळ आणि स्ट्रिंगर एकमेकांपासून सुटले होते. आतून तिथे हात पोचत नव्हता, कारण वर पेट्रोलची टाकी बसवलेली. शांत पाण्यात अशी बोट वर्षानुवर्षं काही बोलणार नाही. वेगात आपटली तर तळ तिथूनच उघडेल.

बाहेर येऊन मी बॉसला फोन लावला. कॉलिन या धंद्यात माझ्या दुप्पट काळ आहे.

“मिरवणूकच तर आहे,” तो म्हणाला. “‘फक्त कमी वेगात’ अशी अट घाल आणि पास कर.”

सुचवलं ते गैर नव्हतं. अशा अटी आम्ही घालतो. मी फोन तसाच धरून हेलनला विचारलं, “त्या दिवशी थ्रॉटल कोणाकडे असेल?”

“बाबांकडे. आणखी कोणाकडे असणार?”

कॉलिनने ते ऐकलं. कमी वेगाची अट स्टॅन पाळणार नाही, हे त्यालाही कळलं.

“बरं,” तो म्हणाला. “नापास कर. ईमेल टाक आणि निघ.”

हेलनचा चेहरा पडला होता. मी कॉलिनला म्हटलं, “ईमेल नको. मी त्यांच्याशी बोलते.”

दुपारी हेलन स्टॅनला घेऊन आली. उंच माणूस, काठी टेकत चालणारा, दोन्ही कानांत मशीन. मी आवाज चढवून सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“ती बोट मी बांधलीये,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“तो गोंद त्या काळातला सगळ्यात चांगला गोंद होता.”

“असेल. पण तिथे तो आता धरत नाहीये.”

“तुला आवाजावरून कळतं?”

“हो.”

“मला आता आवाज येत नाहीत,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग होता, पण तो माझ्यावर नव्हता.

मग मी त्याचा हात धरून उजव्या बाजूच्या फळीवर ठेवला आणि शेजारी हातोडी मारली. तो थांबला. “पुन्हा,” म्हणाला. मी पुन्हा मारली. मग आम्ही डावीकडे आलो. तिथे मी एकदाच मारली. त्याने तळवा झटकन काढून घेतला, विस्तवाला लागल्यासारखा.

मग तो म्हणाला, “काप.”

“बाबा, ओरिजिनल तळ आहे तो!” हेलन म्हणाली. “तुम्ही स्वतः लावलेला. तो कापला तर तुमचं काय उरलं हिच्यात?”

“हेलन, ही रेस-बोट आहे, कपाट नाही. आम्ही दर हिवाळ्यात हिचं काही ना काही कापायचो.”

दोन दिवसांनी यार्डच्या सुताराने टाकी काढून सीटखालचा चौकोन कापला. मी टॉर्च धरला. स्ट्रिंगरची कड स्वच्छ होती. गोंद तिला नीट बसलाच नव्हता. त्याचा रंगही बाकीच्या गोंदापेक्षा वेगळा. म्हणजे ही मूळची बांधणी नव्हती, नंतरची दुरुस्ती होती.

स्टॅनने वाकून बघितलं. बराच वेळ बघत राहिला.

“एका शर्यतीत इथे मार बसला होता,” तो म्हणाला. “पुढची शर्यत तोंडावर आलेली. थंडीत गोंद लावला आणि सुकायची वाट न बघता निघालो. मीच लावला.” मग थांबून म्हणाला, “त्यानंतर डेनिस सारखा म्हणायचा, बोट डावीकडे मऊ लागते. मी म्हणायचो, तुझं डोकं मऊ आहे.”

हेलन हसली. तो हसला नाही.

“सगळा सीझन आम्ही हिच्यावर बसून काढला. त्याला ते कळत होतं, तरी तो येत राहिला.” त्याने खिशातून रुमाल काढला आणि नुसताच हातात धरून उभा राहिला. “त्याला सांगायला पाहिजे होतं, की तुझं बरोबर होतं.”

मी टॉर्च बंद केला.

दुरुस्ती वेळेत पुरी होणार नव्हती, त्यामुळे मेळाव्याला बोट गेली नाही. हेलनने स्टॅनला काऊजच्या किनाऱ्यावर नेलं. समोरून दुसऱ्यांच्या बोटी गेल्या. परत येताना फेरीबोटीवर तो एक शब्द बोलला नाही, असं तिने मला नंतर सांगितलं. नंतर म्हणजे बरंच नंतर. मधले काही आठवडे ती माझ्याशी फक्त कॉलिनमार्फत बोलत होती.

सुताराने तळाचा तो भाग नव्याने बांधला. जुनी महोगनी जिथे शाबूत होती तिथे ठेवली, बाकी बदलली. मी पुन्हा हातोडी घेऊन गेले आणि या वेळी पास केलं. कोणतीही अट न घालता. ऑक्टोबरमधल्या एका शांत सकाळी बोट पाण्यात उतरली. डॉक्टरांचं हो अजून टिकून होतं. स्टीअरिंग हेलनकडे, थ्रॉटल स्टॅनकडे. मी मागून यार्डच्या रबरी बोटीतून निघाले. नदीच्या तोंडापर्यंत ते अगदी शहाण्यासारखे गेले. सोलंट सामुद्रधुनीचं मोकळं पाणी दिसलं आणि स्टॅनने थ्रॉटल पुढे ढकलला. आमच्या चालकाने पाठलाग करायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

परत आल्यावर स्टॅनला खाली उतरवायला तिघे लागलो. त्याचा चेहरा समुद्राच्या पाण्याने ओला होता. “ही वळायला उशीर करते,” हेलनकडे बोट दाखवून त्याने तक्रार केली. ती एकीकडे हसत होती आणि एकीकडे डोळे पुसत होती.

या सगळ्यातून मी धंद्याची एकच गोष्ट शिकले. वाईट रिपोर्ट ईमेलने पाठवू नये. बोटीपाशी उभं राहून सांगावा आणि जमलं तर समोरच्याचा हात फळीवर ठेवावा. कॉलिनला हे अजून पटलेलं नाही. त्याच्या मते यात अर्धा दिवस फुकट जातो.