बाई, ह्ये काडा

कागद हातात आला की आमचे हेडक्लार्क आधी कानावरची लाल पेन्सिल घेत, मग चष्मा. वाचून झालं की एवढंच म्हणत, "बाई, ह्ये काडा."

पाटणच्या कचेरीत मी टंकलेखक होते. बाकीचा कारभार मराठीत आला होता, इंग्रजी उरली होती ती आमच्या टेबलावर. पलटणीतल्या मुलांच्या घरचे अर्ज इंग्रजीत करून, जावक नंबर घालून पुढं पाठवायचे. ते स्वतः पलटणीत कारकुनी करून आलेले.

त्यांना न चालणाऱ्या शब्दांची मी यादीच केली होती. यादीशिवाय मला काम सुचत नाही. पहिलं 'डू द नीडफुल'. काय पाहिजे ते सरळ लिहायला काय होतं, असं त्यांचं म्हणणं. मग 'रिटर्न बॅक', 'कझिन ब्रदर', 'आय बेग टू स्टेट' आणि असेच आणखी. शेवटी, दोनदा अधोरेखित, 'युवर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट'. सहीच्या वर स्वतःला साहेबाचा आज्ञाधारक नोकर म्हणवून घ्यायची ती जुनी रीत सगळे पाळत. ते पाळू देत नसत.

"ज्याचा पोरगा हद्दीवर हुबा हाय, त्यो कुनाचा नोकर?"

शिपाई एकदा म्हणाला, "आवं, आदी आपली मराठी सुदारा की."

"मराठी आईची हाय गड्या. तिला काय सुदारायचं? इंग्रजी पगाराची हाय."

एका उन्हाळ्यात खोऱ्यातला एक म्हातारा आला. बायकोनं अंथरूण धरलेलं, एकुलता मुलगा पलटणीत, आणि तिचा एकच हट्ट, पोराला बघायचं. हेडक्लार्कनी चार ओळींचा अर्ज केला. आई आजारी आहे, वाचेल असं वाटत नाही, मुलाला रजा द्यावी. खाली नुसतं 'युवर्स फेथफुली'.

तीन आठवडे उत्तर नाही. म्हातारा दर बाजाराला येऊन बाकावर बसे. चौथ्या बाजाराला तो अजिजीनं म्हणाला, "सायेब, दुसऱ्यांच्या अर्जात लय गोड लिवत्यात म्हनं. माज्यात का न्हाई लिवलं?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, घाला. समदं घाला."

मी यंत्रात कागद घातला. माझ्या यादीतल्या अकरा गोष्टी त्या एका पानात बसल्या. आज्ञाधारक नोकर शेवटी होताच. म्हाताऱ्यानं खाली अंगठा उठवला.

चौथ्या दिवशी मुलगा दारात उभा. आई जिवंत होती, तिनं त्याला डोळे भरून पाहिलं. म्हातारा यांचे पाय धरू लागला. दुसऱ्या कागदानंच काम झालं, असं तो सगळ्या कचेरीला सांगत होता. मुलानं रजेची चिठ्ठी टेबलावर ठेवली. मंजुरी पहिल्या अर्जावरच होती, आमचा दुसरा अर्ज निघायच्या आधल्या दिवसाची. दुसरा अजून टपालातच असणार.

म्हाताऱ्याला त्यांनी ते सांगितलं नाही. बापलेक गेल्यावर मला म्हणाले, "त्या दुसऱ्या अर्जाची नक्कल फाडा."

"जावक नंबर पडलाय," मी म्हटलं. नंबर पडलेला कागद मी कधी फाडला नव्हता. नक्कल फाईलला लागली.

त्यानंतर पेन्सिल ड्रॉवरमध्ये गेली. कुणाचाही मसुदा आला की मी विचारायची, 'नीडफुल' ठेवू का? "ऱ्हाऊ द्या," म्हणायचे. ते राहू दिलेले शब्द टंकून टंकून मला थकवा आला. यादी मी वहीतून काढून टाकली नाही, पण उघडलीही नाही.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या सूनबाई सासऱ्यांचा रजेचा अर्ज घेऊन आल्या. इंग्रजीत, त्यांच्याच हातचा. मी आजारी आहे. सोमवारपासून येणार नाही. युवर्स फेथफुली. कधी परत येणार, ते लिहिलं नव्हतं. ते आलेच नाहीत.

त्यांचं टेबल आवरताना मी ती फाईल काढली. नक्कल बाहेर घेतली आणि बारीक बारीक फाडली. मग जावक वहीत तो नंबर शोधला, शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्याच लाल पेन्सिलीनं लिहिलं : काढली.