कमलच्या वाफ्यातले टोमॅटो

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे बसल्यावरही हा विषय मनात डोकवायला लागला की मी घाईघाईनं आरती म्हणायला लागायचे. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही कमलला ओळखत नाही म्हणून असेल कदाचित.

गोष्ट तशी टोमॅटोची आहे. हसू नका — किंवा हसा, सुरुवातीला मलाही हसूच आलं होतं.

साठच्या दशकातली गोष्ट. आम्ही पिंपरीला कंपनीच्या कॉलनीत राहायचो, नवरा कंपनीत कारकून. बैठी घरं, प्रत्येकाच्या मागे हातभर जागा, आणि त्या हातभर जागेवरून बायकांची कोण चढाओढ! कुणाची मिरची धरली, कुणाचा भोपळा छपरावर गेला, याची खबर सगळ्या कॉलनीला. शेजारी मनोहर, शिफ्टचा कामगार. त्याची आई सुंदरबाई आणि बायको कमल. कमल चाकणकडची. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही.

आणि मी? मला दोन मुली. मुलगा नाही. हे लोक राहायला येईपर्यंत कॉलनीच्या जिभेवर मीच असायचे. कमल आली आणि मी सुटले. हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढे सांगायचं टाळेन.

त्या थंडीत कमलनं हौसेनं टोमॅटो लावले. माझा धाकटा भाऊ नाना मोशीला शेती करायचा. त्यानं माझ्या गुलाबांना म्हणून युरियाचा डबा आणून ठेवला होता. पांढरेशुभ्र दाणे, तेव्हा नवलाईच त्याची. आणि मी पडले शहाणी — कुणी विचारो न विचारो, सल्ला द्यायला एका पायावर तयार. अर्धा डबा कमलला दिला आणि म्हटलं, दर आठवड्याला बुंध्याशी मूठमूठ घाल, मग बघ. किती घालायचं ते मला तरी कुठं ठाऊक होतं? माझ्या स्वतःच्या टोमॅटोंना मी नुसतं शेणखत घातलं होतं.

तिची झाडं माजली. खोडं अंगठ्याएवढी, पाला काळपट हिरवा, कमरेच्या वर गेलेला — आणि फूल एक नाही. माझ्याकडे टोमॅटो लाल व्हायला लागले, तिच्याकडे नुसती पानं. रोज सकाळी ती पान न् पान उलटून कळी शोधायची. कुणी म्हणालं ताक घाल, तिनं घातलं. कुणी म्हणालं नजर लागली, सुंदरबाईंनी बिब्बा टांगला. शेवटी सुंदरबाईंनीच कारण शोधून काढलं. "हिच्या हातालाच फळ न्हाई. लावंल ते वांझ."

झालं. बायकांना तेवढंच हवं होतं. नळावर तेच, गिरणीत तेच. कुणी तिला आपल्या तुळशीला पाणी घालू देईना.

त्याच सुमारास नाना आला. कुंपणावरून पलीकडे बघितलं आणि खो-खो हसला. "आक्के, युरिया कुनी वतला गं एवढा? नुसता पालाच येनार की! खत बंद कर म्हनावं, पानी तोड, शेंडे खुड, राख टाक. अजून बी फुलंल." चहा प्यायला आणि सायकल काढून गेला.

म्हणजे मला कळलं होतं. नीट कळलं होतं, उपायासकट. कुंपणाशी उभं राहून हाक मारायची आणि तेवढंच सांगायचं — किती वेळ लागला असता?

नाही सांगितलं. आधी स्वतःला समजावलं, की सुंदरबाई म्हणतील मी जळून मुद्दाम केलं. म्हणाल्याही असत्या. पण ते कारण नव्हतं. कारण — आता लाज कसली — मला बरं वाटत होतं. माझ्या मुलींकडे बघून चुकचुकणाऱ्या बायका आता माझे टोमॅटो बघून "हात गुणाचा हो तुमचा" म्हणायला लागल्या होत्या. ते मला गोड लागत होतं.

मग कॉलनीतल्याच एका घरी डोहाळजेवण निघालं. कमल ठेवणीतलं पातळ नेसून आली, ओटीचं ताट हातात घेऊन रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तशा सुंदरबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिचा हात नगं पोटुशीला. टमाटी बघितली न्हवं का?"

कमलनं माझ्याकडे बघितलं. एवढ्या बायकांत माझ्याकडेच. युरियाचा संशय तिला नव्हता. तिला वाटलं असेल, ताई काहीतरी बोलतील. ताईंनी काय केलं? तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. हळूच, समजूत घातल्यासारखं — आणि पुढच्या बाईच्या हातात दिलं. मला कुणीही सांगितलं नव्हतं.

उन्हाळा लागायच्या आत मनोहरनं तिला माहेरी नेऊन सोडलं. पुढे काडीमोड झाली. झाडं सुंदरबाईंनी उपटून उकिरड्यावर टाकली, अजून हिरवीगार होती. टोमॅटो नसते तरी त्यांनी तिला टाकलीच असती, असं कुणी म्हणेल. मी स्वतःशी ते पुष्कळदा म्हणून पाहिलंय. काही उपयोग होत नाही.

पुष्कळ वर्षांनी थोरल्या मुलीला पहिल्या बाळंतपणाला घरी आणत होते. चाकणच्या स्टँडवर एसटी बदलायची होती. गर्दीतून एक बाई "ताई!" म्हणत आली. कमल. केस पांढरे, पण हसणं तेच. सगळ्यांची चौकशी केली, सुंदरबाईंचीसुद्धा. मुलगी जड अंगानं तिला वाकून नमस्कार करायला गेली, तशी कमल झटकन मागे सरली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नगं बाळा, नगं. मी लांबूनच बरी. माझा हात चांगला न्हाई." कुणी आपल्याला दम्याचा त्रास आहे म्हणून सांगावं, तसं सांगितलं तिनं. रडणं नाही, तक्रार नाही. मुलगी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा कमलच तिला म्हणाली, "आईला इचार. ताईंना ठावं हाय."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी मान डोलावली, होय म्हणून. मग एसटी लागली आणि मी मुलीला हाताला धरून आत चढवलं.