सांडशी मीच नेली होती
चूक माझीच होती. काल दारात मोटरसायकलचं जुनं ऑइल काढताना तो वास आला आणि बावड्यातल्या घरातला, लग्नानंतरचा पहिला पाडवा आठवला. त्या दिवशीही ऑइल काढायचं होतं, पण बोल्टला बसेल असा पाना मिळेना, म्हणून मी बायकोची सांडशी गुपचूप नेली, बोल्टच्या कडा झिजवल्या आणि सांडशी नुसती पुसून ठेवली. तिनं त्याच सांडशीनं पातेलं धरून पाहुण्यांना चहा ओतला. आई सगळ्यांसमोर तिला म्हणाली, “स्टोव्ह पेटवल्यावर रॉकेलचा हात तरी धुवायचा की गं, चहाला वास येतोय!” मी गप्प बसलो. तेव्हापासून चहा ठेवण्याआधी ती साबणानं दोनदा हात धुते. काल मात्र मापाचा पाना आणला होता. बोल्ट अलगद सुटला. आत ती चहाआधी हात धूत होती. म्हणालो, “राहू दे. त्या दिवशी सांडशी मीच नेलती. चुकलं माझं.”