तुरळक ठिकाणी

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात मी सहा वर्षं शिक्षिका होते. घर महाडला, नवरा आणि मुलगी तिकडे. सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं यायचं आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की परत जायचं. आठवडाभर एका काकींच्या पडवीलगतच्या खोलीत राहायचे. काकी विधवा, पन्नाशीच्या पुढच्या. त्यांचा मुलगा महाडला एमआयडीसीत एका कारखान्यात होता, पाळ्या करून जमेल तेव्हा घरी यायचा.

माझ्याकडे रेडिओ होता. सकाळी बातम्या संपता संपता हवामानाचा अंदाज यायचा आणि काकी चुलीपाशी बसूनच विचारायच्या, "बाई, काय बोलतो तुमचा रेडिओ?" चैत्र-वैशाखात तो बहुतेक एकच बोलायचा, कोकणात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाच्या सरी. कोकण केवढं लांबलचक. त्यातलं तुरळक ठिकाण म्हणजे आम्ही की आणखी कोणी, हे काही कळायचं नाही.

त्या वर्षी घराच्या एका बाजूचे वासे वाळवीनं खाल्ले होते. ते बदलायला मुलानं आठवड्याची रजा काढली. सोमवारी मी महाडहून उतरले तेव्हा तो शिडी लावून कौलं उतरवायच्याच बेतात होता. मी पहाटे ऐकलेला अंदाज सांगितला. तो थांबला. पाऊस आला नाही. मंगळवारी पुन्हा तेच सांगितलं आणि पुन्हा आभाळ कोरडंच राहिलं. बुधवारी मी तोंड उघडलं तशी काकी हसल्या.

"बाई, तुमच्या रेडिओच्या पावसानं आमचं घर तसंच राहायचं."

मुलगाही हसला, पण त्याचे दोन दिवस फुकट गेले होते. त्यानं शेजारचे दोघे बोलावले आणि कौलं उतरवली.

गुरुवारी सकाळी रेडिओनं पुन्हा सरी सांगितल्या, वर सोसाट्याचा वारा. काकी चुलीपाशी होत्या. त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. वार्षिक परीक्षा चालू होती. चार इयत्ता, दोन शिक्षक, त्यातले गुरुजी आजारी. रात्री पेपर तपासून डोळे चुरचुरत होते. पुन्हा कुणाचं हसू ऐकायचं त्राण नव्हतं. वेणी घातली आणि शाळेत गेले.

चारच्या सुमारास महाबळेश्वरच्या बाजूनं काळं भरून आलं. मी पेपरांचा गठ्ठा कपाटात टाकून निघाले. अर्ध्या वाटेवर वारा सुटला, वीज कडाडली आणि टपोरे थेंब सुरू झाले. घरी पोचले तेव्हा वरती नुसते वासे दिसत होते आणि खाली काकींची कणगी भिजत होती. वर्षभराचं भात होतं त्यात. मुलगा आणि ते दोघे ताडपत्री ओढत होते, वारा ती हातातून हिसकावून घेत होता.

"बियाचं आधी घ्या!" काकी ओरडल्या.

पेंढ्यात गच्च आवळलेली बियाण्याच्या भाताची मुडी आम्ही दोघींनी उचलून माझ्या खोलीत नेली. मग टोपल्यांनी, घमेल्यांनी, माझ्या अंघोळीच्या बादलीनं भात हलवत राहिलो. माझी खोली गुडघाभर भरली. तोवर खालचं सगळं भिजलं होतं. पाऊण तासात पाऊस थांबला, ऊनसुद्धा पडलं. काकी ओल्या भातात हात घालून नुसत्या बसल्या. रडल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "उकडून टाकू. ठेवलं तर मोड येतील."

शुक्रवारी मुलानं लग्नकार्याला वापरायची गावची दोन मोठी तपेली आणली. खळ्यात चुली मांडल्या. पेपर आटोपून मी दुपारी आले ती सरळ चुलीपाशी बसले. भाताची टरफलं फुटायला लागली की तपेलं उतरवायचं, चटयांवर पसरायचं, पुन्हा नवं चढवायचं. वर मुलगा नवे वासे ठोकत होता. धुरानं डोळ्यांतून पाणी येत होतं, तेव्हाच मी सांगून टाकलं.

"काकी, काल सकाळी रेडिओनं पाऊस सांगितला होता. मी बोलले नाही."

त्या ढवळत राहिल्या.

"का नाय बोललात?"

"तुम्ही हसाल म्हणून."

"हसलोच असतो," त्या म्हणाल्या. लाकूड आत सारून त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "पन आमी हसलो तरी तुमी बोलायचं, बाई. भात तरी तुमच्या खोलीत टाकलं असतं."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

काकींनी ते भात पुढं गिरणीवर नेलं. तांदूळ लालसर, जाड निघाला, थोडा आंबूस वास असलेला. वर्षभर त्यांनी तोच खाल्ला. मला पेज द्यायच्या तीही त्याचीच. बियाणं वाचलं होतं, त्यामुळे पेरणी वेळेवर झाली. त्या दिवसाबद्दल त्यांनी मला पुन्हा कधी काही ऐकवलं नाही, आणि मीही पुढं सकाळचा अंदाज कधी गिळला नाही. ऐकून कुणी थांबायचं, कुणी नाही.

त्या शनिवारी एस.टी.त बसल्या बसल्या मला झोप लागली. महाडच्या स्टँडवर गाडी रिकामी झाली तरी कळलं नाही. "बाई, उतरा, आलं महाड," कंडक्टरनं हलवून उठवलं. हातांना काजळी, साडीला धुराचा वास. घरी पोचले तर अंगणात धूळ होती, तिथं थेंबही पडला नव्हता.

"तिकडे पाऊस झाला काय?" नवऱ्यानं विचारलं.

"झाला थोडा," मी म्हणाले. मुलीला आत बोलावून पाणी मागितलं आणि उंबऱ्यावरच बसले.