रोवणीचे एकशे शहाऐंशी दिवस

लाखनीच्या ज्या सरकारी कार्यालयात मी आस्थापनेचा कारकून होतो, तिथं मला दोन कामं होती. एक सरकारनं दिलेलं, दुसरं लोकांनी. दुसरं म्हणजे पेन्शनचा अंदाज काढून देणं. रिटायर व्हायला वर्ष-दोन वर्षं उरलेला कुणी गुरुजी, कुणी शिपाई खिशातून पगाराचा कागद काढायचा, चहा सांगायचा, आणि चहा येईपर्यंत मी जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर त्याचं पुढचं आयुष्य मांडून दाखवायचो. शेवटचा मूळ पगार किती, नोकरी किती, महिन्याला काय येईल, एकरकमी काय मिळेल. माझा आकडा चुकला असं कधी कुणी म्हटलं नाही. त्यामुळं मी जरा चढलोच होतो. साहेब बोलत असले तरी मध्येच तोंड घालायचो.

माझा थोरला भाऊ अड्याळकडच्या एका सरकारी रोपवाटिकेत होता. वीस-बावीस वर्षं त्यानं रोजंदारीवर पिशव्यांत माती भरली आणि पन्नाशीला टेकता टेकता कायम झाला. पेन्शनची नवी योजना यायच्या जरा आधी, म्हणून जुनी पेन्शन लागू. पण रोजंदारीची वर्षं हिशेबात धरत नाहीत. कायम झाल्यापासूनची तेवढी नोकरी खरी.

ज्या साली तो साठीचा होणार होता, त्या जूनमध्ये मी त्याच्या घरी जेवायला गेलो होतो. भात आणि लाखोरीची डाळ. त्याची जन्मतारीख एक जुलै. आमच्या गावात निम्म्या माणसांची तीच आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळं गाव एकाच दिवशी जन्माला घातलं. म्हणजे तीस जून हा नोकरीचा शेवटचा दिवस. मी बोटांवर मोजलं आणि सांगितलं, "दहा वर्षं तीन महिने. दहा झाले का काम झालं. वीस वर्षं असती तर मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन. दहाले त्याच्याही निम्मी, वरून महागाई."

"मंजे दर महिन्याले येईन ना, भाऊजी?" वहिनीनं विचारलं.

"येईन."

"अन् यायच्या मागं?" तिनं भावाकडं मान वळवली.

"तुमाले बी मिळंन."

लाखनीच्या एका राईस मिलवाल्यानं भावाला चौकीदारीचं विचारलं होतं. भाऊ म्हणाला, "मंग मिलवाल्याले काय सांगू?" मी म्हटलं, नाही म्हणून सांग, साठीनंतर कशाला दुसऱ्याच्या पोत्यांची राखण करतोस? त्यानं दुसऱ्याच दिवशी नाही म्हणून सांगितलं. मिलवाल्यानं दुसरा माणूस ठेवला.

तीस जूनला आठ दिवस उरले असताना रोपवाटिकेच्या कारकुनाचा फोन आला. पेन्शनचे कागद तयार करत होता. म्हणाला, एकदा येऊन सेवापुस्तक बघून जा. त्याच्या आवाजावरूनच काहीतरी बिघडलंय हे कळलं. मी गाडी काढली.

सेवापुस्तकात दर वर्षी एक नोंद होती. असाधारण रजा, विनावेतन, कारण घरगुती. कधी अठरा दिवस, कधी एकोणीस, एका साली बावीस. सगळ्या रजा आषाढ-श्रावणातल्या. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या. पहिलंच पान उलटलं आणि मला आठवलं की ही अक्कल कुणाची.

कायम झाल्यावर पहिल्याच वर्षी तो मला विचारायला आला होता. रोवणीला रजा कशी टाकू? मी खुर्चीत मागं रेलून सांगितलं होतं, "अर्जित रजा कायले खर्चतं? शिल्लक ठेव. रिटायर होताना तिचे रोख पैसे भेटतात. रोवणीले बिनपगारी टाक. कारण लिव्ह, घरगुती." त्यानं ऐकलं. दहा वर्षं ऐकलं. पण डॉक्टरच्या कागदाशिवाय घेतलेली बिनपगारी रजा पेन्शनच्या नोकरीतून वजा होते, हे मी आल्यागेल्या शिपायाला सांगत होतो आणि सख्ख्या भावाला सांगायचं विसरलो. आणि परवा त्याच्या अंगणात अंदाज सांगताना सेवापुस्तक न बघताच बोललो होतो. परक्याचं काम असतं तर बघितलं असतं. घरचं म्हणून तोंडानं उरकलं.

मी बेरीज केली. एकशे शहाऐंशी दिवस. पुन्हा केली, तेवढेच. दहा वर्षं तीन महिन्यांतून ते गेले की उरतात नऊ वर्षं, आठ महिने, चोवीस दिवस. नऊ वर्षं नऊ महिने भरले तर सरकार दहा धरतं. सहा दिवस कमी पडत होते. सहा दिवसांसाठी महिन्याची पेन्शन नाही, त्याच्या मागं वहिनीलाही नाही. एकदाच काहीतरी हातावर ठेवतील आणि दार बंद.  दुसऱ्या कारकुनासमोर मी तीच बेरीज तिसऱ्यांदा केली, तेही त्यानं बघितलं.

परत येताना मी रस्ताभर एकच विचार केला. ओळखीचा डॉक्टर आहे. कुठल्याही एका सालची रजा आजारपणाची दाखवली, जुन्या तारखेचा कागद जोडला, की झालं. असले कागद लोक जोडतात. तसे जोडताना मी बघितलंही होतं आणि गप्प बसलो होतो.

भाऊ तलावाखाली धानाच्या रोपांचे परे टाकायची जागा नीट करत होता. मी बांधाच्या पाळीवर उभा राहूनच सगळं सांगून टाकलं. चूक माझी, हेही सांगितलं. तो फावडं थांबवून ऐकत होता. रागावला असता तर बरं झालं असतं. मग मी डॉक्टरचं काढलं.

"कोन्त्या साली आजारी होतो मी?" त्यानं विचारलं.

"दादा, कागदच तं आहे. सहा दिवसांचा सवाल आहे."

"मी आजारी नवतो," तो म्हणाला. "तुह्या बांधीत होतो."

त्यात टोमणा नव्हता. खरं होतं तेवढं सांगितलं. बापानं वाटणी केली तेव्हा भाताची खाचरं म्हणजे बांध्या, त्या त्याच्याकडं दोन आल्या, माझ्याकडं चार. मी नोकरीवाला, चिखलात उतरायची मला लाज. परे खणणं, बाया कामाला लावणं, पाणी फोडणं सगळं तोच बघायचा. त्याची रोवणी सहा दिवसांत आटपायची. उरलेले बारा दिवस माझे. रजा त्याची, पगार त्याचा कापलेला, धान माझ्या घरात. दहा वर्षांत हा हिशेब मी एकदाही मांडला नव्हता.  मी खाली बसलो.

एक वाट होती. घेतलेली रजा मागाहून दुसऱ्या प्रकारात बदलून देता येते, पण ती वरच्यांची मर्जी, आपला हक्क नव्हे. त्या रात्री मी अर्ज लिहिला: अर्जित रजा शिल्लक होती, चुकीच्या सल्ल्यानं विनावेतन घेतली, गेल्या सालची अठरा दिवसांची रजा अर्जितमध्ये बदलून मिळावी. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भंडाऱ्याला, त्याच्या वरच्या कार्यालयात गेलो. भावानं निरोप समारंभासाठी शिवलेला सदरा घातला होता.

अधिकारी बाई होत्या. अर्ज दोनदा वाचून त्यांनी भावाकडं बघितलं. "रजा शिल्लक असताना विनावेतन कशाला घेतली? कुणी सल्ला दिला?"

मी बोलायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी भाऊच म्हणाला, "माह्या भावानं सांगतलं, मॅडम. त्याले समजते यातलं."

त्यानं ते अभिमानानं सांगितलं. बाईंनी माझ्याकडं बघितलं. बाईंनी शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "फाईल ठेवून जा."

मग सात दिवस काहीच नाही. मी रोज फोन करायचो, रोज "बघतो" ऐकायचो. वहिनीला आम्ही काही सांगितलं नव्हतं. ती मला भेटली की विचारायची, पहिली पेन्शन कोणत्या महिन्यात येईल, आणि मी गाडीच्या किल्लीशी खेळत बसायचो. तीस तारखेला रोपवाटिकेत मंडप घातला होता. शाल आणली, नारळ आणला. भाऊ खुर्चीवर बसलेला, आणि मी कारकुनाच्या टेबलाजवळ फोनकडं बघत उभा. भाषणं सुरू झाली. तिसरं भाषण चालू असताना आदेश आला. अठरा दिवस अर्जित रजेत बदलले. नोकरी नऊ वर्षं, नऊ महिने, बारा दिवस. म्हणजे दहा.

मी मंडपामागं जाऊन रडलो. हे सांगायला आता मला लाज वाटत नाही.

घरी जाताना भाऊ गाडीवर मागं बसला होता, मांडीवर नारळ. म्हणाला, "औंदा रजेची भानगड नाही. पयल्या दिवसापासून तुह्याच बांधीत येतो."

 सोमवारी कार्यालयात गेलो आणि स्वतःचा अर्ज लिहिला. पंधरा दिवसांची अर्जित रजा. कारणाच्या रकान्यात हात सवयीनं 'घरगुती' लिहायला गेला. मी ते खोडलं आणि लिहिलं, भावाच्या बांधीत रोवणी.