भिंतीवर ठेवलेल्या मिरच्या

आज बियांसाठी वाळकी मिरची फोडली, ठसका लागला आणि ती पहिली तोडणी आठवली. मी मुलाकडे आयर्लंडला नुकतीच राहायला आले होते. गावाकडच्या मिरचीचं बी ओल्या फडक्यात बांधून गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवलं, तेव्हा कुठे ते बाराव्या दिवशी रुजलं. ऊन पडलं की कुंड्या मागच्या अंगणात न्यायचे, गार वारा सुटला की आत आणायचे. माझी ही ने-आण शेजारची म्हातारी बाई भिंतीपलीकडून बघायची आणि काहीबाही बोलायची. मला इंग्रजी येत नाही, मी नुसती मान हलवायचे. पण सगळे कामाला आणि शाळेत गेले की माझ्याशी बोलणारी ती एकटीच होती. म्हणून पहिल्या तीन मिरच्या तिच्यासाठी तोडल्या. तिने हात पुढे केला आणि मी मिरच्या भिंतीवर ठेवल्या. मिरची हातात दिली की भांडण होतं, असं आमच्याकडे मानतात. तिचा चेहरा उतरला आणि मिरच्या तशाच ठेवून ती घरात जायला वळली. मी घाबरून, नुकत्याच शाळेतून आलेल्या नातीला हाक मारली, “अगं, सांग तिला, हातात दिली तर आमचं भांडण होईल. मला नकोय ते.” नातीने इंग्रजीत सांगितलं. बाई मोठ्याने हसली, “ग्रँड, ग्रँड” म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत ‘छान, छान’, आणि मिरच्या घेऊन गेली. थोड्या वेळाने केकचा तुकडा घेऊन आली. मी हात पुढे केला, तर तिने तो मुद्दाम भिंतीवर ठेवला. अजूनही आमची देवघेव भिंतीवरच होते. भांडण काही झालेलं नाही.